पायाळू

नगर, ९ एप्रिल १९४४

चि. सौ. सुनीतीस दादाचा आशीर्वाद.

काष्टीला बिऱ्हाड लागलं, शामकांतरावांची शाळा सुरू झाली, हे तुझ्या वहिनीला आलेल्या कार्डावरून कळलं. सख्ख्या भावाला वेगळं कार्ड टाकायचं तर कागद महाग पडत असेल. असो, लढाई चालू आहे, मी समजून घेतो.

तुझ्याकडे काम आहे. पुण्याच्या कोशमंडळींनी आपल्या जिल्ह्यातले शब्द गोळा करायचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय, हे तुला ठाऊक आहे. पेन्शनीतला मास्तर म्हणजे मोकळा बैल, कुणीही यावं आणि जुंपावं. सध्या गाडी ‘उपजत’ या शब्दापाशी रुतली आहे. व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृतात उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, आपल्याकडे उपजणे. उपजत म्हणजे जन्मतानाच. उपजत गळा, उपजत अक्कल. जे शिकून आलं नाही, कुणाकडून मागून घेतलं नाही, जीव जगात येताना बरोबर घेऊनच आला, ते उपजत. एवढं सुबक लिहून धाडलं, तर शेरा मारून परत: ‘खेड्यातील प्रयोग हवेत.’ आता मी डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन कुठल्या खेड्यात हिंडू?

तर तू विचारून लिही. एखाद्याच्या अंगात गुण जन्मापासूनच असेल, तर तिकडची माणसं त्याला काय म्हणतात? बोलतात तसंच उतरव, शुद्ध करू नकोस. फार दमायला होतं गं आताशा. वहिनी म्हणते, शब्द कुठे पळून चाललेत का? तिला काय सांगणार, शब्द नाही, मीच चाललोय.

तुझा,
दादा

•

काष्टी, १६ एप्रिल १९४४

तीर्थरूप दादास, सुनीतीचा वाकून नमस्कार.

आधी तुझं काम. इथे उपजत कुणी म्हणत नाही. शेजारच्या छबूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “म्हंतो की. शेरडीचं करडू उपजत मेलं, आसं म्हंतो.” गुणाला मात्र म्हणतात, “अंगचंच हाय.” नाहीतर, “आईच्या पोटातनं शिकून आलंय.” घे, लिही आणि दे पाठवून.

आता माझं ऐक. मी पायाळू आहे हे इथे सगळ्या गावाला कळलंय. कळलं कसं म्हणतोस? इकडची स्वारी! शाळेच्या पडवीत कुणाची तरी उसण भरली, तर हे म्हणाले, “आमच्या घरी आहेत ना पायाळू, आणा यांना.” झालं. पाच गावांच्या पाठी माझ्या दारात आल्या. जन्मताना जे मूल पायाकडून येतं त्याचा पाय लागला की चमक जाते, असं इथे सगळेच मानतात. सकाळी सडा घालायला दार उघडावं तर ओसरीवर कोणीतरी पालथं पडलेलंच. वडीलधारी माणसं रे! मी पाठीला पाय लावायचा, मग लगेच वाकून त्यांना नमस्कार करायचा, आणि पुन्हा जाऊन कणीक मळायची. बाजारच्या दिवशी तर रांग लागते. परवा एक कारकून येऊन कानात पुटपुटला, पायाळू माणसाला पुरलेलं धन दिसतं म्हणे, चला जरा. मी म्हटलं, मला घरातली सांडशी दिसेना झालीय, धन कुठलं दिसायला!

इथवर चाललं असतं. पण आता सहादेव आणि मनकर्णा आलेत. गावाबाहेर त्यांचं रान आहे, नुसतं कोरडं. त्यांना विहीर खणायची आहे, आणि जागा मी दाखवायची आहे. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं ना! सहादेव म्हणतात, “मास्तरीनबाई, तुमी नुसतं अनवानी चालायचं. पाय थांबल तितं नारळ फोडू.” मनकर्णा ही इथली माझी एकुलती एक मैत्रीण. भाजी घेऊन येते, उंबऱ्यात बसते, दोन सुखदुःखाच्या गोष्टी होतात. तिला नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? तिची पोरं उन्हाळाभर मातीत घाम गाळणार, ती माझ्या पायाच्या भरवशावर. दादा, माझ्या पायांना काही म्हणजे काही कळत नाही. चप्पल चावते, तेवढं कळतं.

मी झाले तेव्हा तू मुंज झालेला जाणता मुलगा होतास. मी खरंच पायाकडून जन्मले का? हो की नाही, एवढंच लिही.

तुझी,
सुनीती

•

नगर, २४ एप्रिल १९४४

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे घबाड आहे! ‘आईच्या पोटातनं शिकून आलंय’ हा प्रयोग तर असा ठसठशीत आहे की पुण्याच्या मंडळींची तोंडं बंद झाली पाहिजेत. ‘अंगचं’ही टिपून घेतलं. आणखी मिळाले तर पाठव.

पायाळूचा शब्द फार पुढे, ‘प’मध्ये. तिथवर मी पोचेन असं वाटत नाही. तरी समजुती गोळा करून ठेव. पायाळूवर वीज पडते असं आपल्याकडे म्हणत. ढग गडगडायला लागले की आई तुला माजघरात कोंडून ठेवायची, आठवतं? तिकडेही तसं मानतात का, विचार.

बाकी आई तुला पायाळू म्हणायची हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. विहिरीबद्दल म्हणशील तर चालून दे की जरा. पाणी लागायचं असलं तर लागेल, नसलं तर नाही. त्यात तुझ्या पदरचं काय जातं?

डोळ्याचा डॉक्टर म्हणतो कापावा लागेल. मी म्हणतो, ‘क’ पुरा होऊ दे.

दादा

•

काष्टी, ५ मे १९४४

दादास नमस्कार.

माझ्या पदरचं काय जातं? वा रे वा. तुला हो की नाही लिहायला सांगितलं होतं, तू मलाच समजुती गोळा करायला लावतोस. आई म्हणायची हे मलाही ठाऊक आहे. तू काय पाहिलंस ते विचारलं होतं.

आता ऐक काय झालं ते. अक्षय्यतृतीया झाली आणि मला न्यायला बैलगाडी आली. हे आपले टोपी घालून पुढे बसले, जसं काही मुलगी बघायला निघालेत. रानात पोचेस्तोवर सूर्य डोक्यावर आला. सहादेव, त्यांची दोन्ही मुलं छगन आणि श्रीमंत, छगनची बायको चांगुणा, शिवाय बघायला आलेलं अर्धं गाव. मला चपला काढायला लावल्या. जमीन कशी, तर तव्यासारखी. मी चालले. माझ्यामागे सगळे चालले, कुणी बोलेना, कुणी खोकेना. या बांधापासून त्या बांधापर्यंत गेले, वळले, पुन्हा आले. पायाच्या भाकरी भाजून निघाल्या रे! शेवटी एका बोरीची एवढीशी सावली दिसली, तिच्यात पाय टाकला आणि थांबले. दुसरं काही नाही, भाजत होतं म्हणून थांबले. मी तोंड उघडून सांगणार, तेवढ्यात नारळ फुटलाही. “थांबल्या! बाई थांबल्या!” मनकर्णेने माझ्या पायांवर डोकं ठेवलं, ते पाय पोळलेले, तिचे गरम अश्रू त्यांच्यावर. अशा वेळी काय सांगायचं असतं ते तुझ्या कोशात असलं तर कळव.

बोर तोडली. खणायला सुरुवात झाली. एक पुरुषभर खोल गेलेत आणि मुरूम लागलाय. छगन आणि श्रीमंत खाली, चांगुणा आणि मनकर्णा पाट्या वाहतात. मी रोज संध्याकाळी यांच्याकडून बातमी घेते आणि रोज जेवण जात नाही.

पुन्हा विचारते. हो की नाही?

सुनीती

•

काष्टी, २१ मे १९४४ (कार्ड)

दादा, उत्तर नाही. डोळा फार दुखतो का? वहिनीकडून दोन ओळी लिहवून घे. इथे दोन पुरुष झाले, खाली काळा दगड लागला. पाणी नाही. छगनच्या हाताची सालं निघालीत, परवा फडकी बांधून पहार मारत होता म्हणे. मी दमले आहे. — सु.

•

नगर, २७ मे १९४४

सुनीती,

डोळा बरा आहे. पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. तुझ्या कार्डातली फडकी वाचली आणि आज बसलोच.

नाही. तू पायाळू नाहीस.

तुझ्या आधी एक वर्ष आईला मुलगी झाली होती. आपण तेव्हा पाथर्डीला होतो. ती पायाकडून आली. सुईण बाहेर येऊन नानांना म्हणाली, “पायाळू हुती, पन सवास घेतला न्हाई.” मी पायरीवर बसून पाढे म्हणत होतो. ते पाढे मी थांबवले नाहीत, कारण थांबवले तर काहीतरी विचारावं लागलं असतं. नाना पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मळ्याकडे गेले. आई कित्येक महिने बोलत नव्हती. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, उचललं तर नाही मागायची.

मग तू झालीस. व्यवस्थित, डोक्याकडून, गल्ली जागी होईल एवढं रडत. बारशाला आलेल्या बायकांना आईने सांगितलं, “माझी पायाळू परत आली.” सुईण होती तिथे, ती खाली मान घालून पेढा खात राहिली. नानांनी पेढ्यांचं ताट पुढे फिरवलं. मला आईने परसात नेऊन सांगितलं, “नरसू, तू काही बोलायचं नाहीस.” मी नाही बोललो. पुढे माणसं पाठी घेऊन यायला लागली, तेव्हा तुला चालताही येत नव्हतं. आई तुझं पाऊल आपल्या मुठीत धरून त्यांच्या पाठीला लावायची, आणि तिच्या तोंडावर जे काही यायचं ना, ते दुसऱ्या कशानेही येत नसे. ते मी तिच्याकडून कसं काढून घेणार होतो? आणि ती गेल्यावर तुझ्याकडून तरी कसं?

तू छबूबाईचं करडाचं वाक्य पाठवलंस ते मी टिपलं नव्हतं. मंडळींनी तेच हटकलं: ‘उपजत मेलेले हा प्रयोग का वगळला?’ आता काय उत्तर देऊ? मी आजवर या शब्दाचा एकच अर्थ लिहीत आलो.

तुला योग्य वाटेल ते कर. नगरला निघून यायचं असेल तर ये, स्टेशनवर मी येतो.

दादा

•

काष्टी, १० जून १९४४

प्रिय दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तुझा आणि आईचा. मग आईची मूठ आठवायला लागली. मला ती आठवणं शक्य नाही हे कळतंय, तरी आठवते. आणि मग एवढं हलकं वाटलं की विचारू नकोस. त्याच संध्याकाळी ढग गडगडले. हे म्हणाले, “आत बसा.” मी उठले आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. वीज कडाडली. काही झालं नाही. मी आत येऊन दूध तापवलं.

दुसऱ्या दिवशी रानात गेले. हे येऊ नको म्हणत होते. म्हणाले, “आता सांगून काय होणार? चार दिवस थांबा, कंटाळून आपणच सोडतील.” मी म्हटलं, त्या चार दिवसांत छगनच्या जागी तुम्ही पहार मारणार का?

सहादेवांना मी सगळं सांगितलं. बहिणीचं, आईचं, आणि बोरीच्या सावलीत का थांबले तेही. ते ऐकून घेत होते, मधूनच मुंडासं सारखं करत होते. शेवटी म्हणाले, “बरं.” एवढंच. वरून छगनला हाक मारली, “ये रं वर.”

मनकर्णा मात्र पाटी टाकून माझ्यापुढे आली. “म्हैनाभर माजी पोरं धोंडं फोडत्यात. माजी सून गरवार हाय, तरी पाट्या वाहिल्या तिनं. आन तुमी आता सांगताय, पाय भाजला म्हनून थांबले?”

मी म्हटलं, “मला तरी परवाच कळलं, मनकर्णा.”

“पायाळूचं परवा कळलं. पाय भाजला त्ये तर तवाच कळलं हुतं न्हवं? तवा त्वांड शिवलं हुतं का तुमचं?”

मी तिने टाकलेली पाटी उचलायला वाकले. ती म्हणाली, “जावा तुमी. आन परत येऊ नगा.”

पंधरवड्यात पाऊस लागेल, खड्डा तसाच राहील. दोन पुरुष खोल, पाणी नाही. ती भाजी घेऊन येत नाही. वाटेत दिसली तर पदर ओढून पलीकडून जाते. आणि गंमत ऐकायचीय? पाठी अजून येतातच! मी सांगते, अहो, मी पायाळू नाही. तर म्हणतात, “आसू द्या वो बाई, तुमी लावा पाय.” त्यांना खरं नको, लाथ हवी. मी लावते आणि आत जाते. आता बोलायलाही त्राण नाही.

नगरला येत नाही. इथून निघून गेले तर ती म्हणेल पळाली.

सुनीती

•

नगर, २५ जून १९४४

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुनीतीने केलं ते मनकर्णेला एक दिवस कळेल. मला खात्री नाही. माणसं रागावतात ती बरीच वर्षं रागावतात, मी शाळाखात्यात होतो.

‘उपजत’ पाठवला. करडाचं वाक्य घातलं, छबूबाईंच्या तोंडचं जसंच्या तसं. मग पुढचा शब्द घेतला. डोळा पुढच्या महिन्यात कापणार आहेत, तेव्हा काही दिवस माझ्याकडून पत्र नाही. तू मात्र लिहीत राहा, वहिनी वाचून दाखवील.

तिचं नाव ठेवलं नव्हतं. तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून लिहितो.

दादा

•

काष्टी, ३ डिसेंबर १९४४

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीने वाचायचं नाही. डोळा उघडलाय ना आता? मग तूच वाच, हळूहळू वाच, आणि वाचून चुलीत घाल.

काल दुपारी मी पापड लाटत होते, तर दारात मनकर्णा. सहा महिन्यांनी. मला वाटलं भांडायला आली. तर म्हणाली, “चला.” मी विचारलं, कुठे? “चांगुणाला कळा सुरू झाल्यात. रतनबाई म्हंती, पाय म्होरं आलाय.” एवढं म्हणाली आणि तिचं तोंड वाकडंतिकडं व्हायला लागलं. “तुमच्या आईचं आसंच झालं हुतं न्हवं? तुमी बसा माज्यासंगं. मला एकटीला बसवंना.”

मी पिठाच्या हातांनी तशीच निघाले. दादा, मी काय करणार होते तिथे? रतनबाई सुईण, सगळं तीच करत होती. मी चांगुणाचा हात धरून बसले. तिने माझी बोटं अशी आवळली की आज लिहिताना दुखतायत. एक पाय, मग दुसरा. मग फार वेळ काही नाही. मला आईच दिसायला लागली, त्या खोलीतली, जी मी कधी पाहिली नाही. बाहेर सहादेव आणि मुलं बसली होती. मी देवाला म्हटलं, एकीला नेलंस तेवढं पुरे झालं.

मूल आलं ते निळं. रडेना. रतनबाईने उलटं धरलं, पाठीवर मारलं, पुन्हा मारलं. आणि मग रडलं, दादा! बारीक आवाजात, मांजरासारखं, पण रडलं. मुलगी आहे. मनकर्णा भिंतीला टेकून खालीच बसली. मी आणि ती, दोघी ढसाढसा रडलो. कोण कुणासाठी रडत होतं ते सांगता येणार नाही.

रतनबाई हात धुऊन दाराकडे निघाली. आनंदाने नुसती फुलली होती. “पायाळू नात झाली म्हनून सांगते सहादेवाला. नशीब काढलं! सोताच्या घरचा पायगुन, आता इहिरीला...”

मनकर्णा उठली ती थेट दारात जाऊन आडवी उभी राहिली. “डोक्याकडनं आली म्हनायचं.”

“आगं पन...”

“डोक्याकडनं. रतनबाई, तुला माज्या लेकरांची आन हाय.” आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, “ह्या बाईचं त्वांड बग. ही पायाळू न्हवती, तरी हिचं ह्ये हाल केलं आमी. ही पोर तर खरंच हाय. हिला गावोगावची रानं तुडवाय लावतील. पानी न्हाई लागलं की माज्यासारक्या येऊन तोंडाला यील त्ये बोलतील.”

रतनबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “बरं बया. माजं काय जातंय.”

तेवढ्यात बाहेरून सहादेवांनी विचारलं, “कसं काय? नीट झालं का समदं?” मग मीच दार किलकिलं केलं आणि सांगितलं, “मुलगी झाली. डोक्याकडून, अगदी नीट.” मी खोटं बोलले, दादा, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, “बेस झालं.” आणि छगन तिथल्या तिथे मातीतच बसला.

तेव्हा ‘प’पर्यंत पोचलास तर पोच, पण काष्टीचं हे उदाहरण तुझ्या संग्रहात यायचं नाही. आम्ही चौघी सोडून हे फक्त तुला माहीत आहे. तू गप्प राहू शकतोस, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

मनकर्णेने मला निघू दिलं नाही. चहा केला, गुळाचा, आणि मला उंबऱ्यात नाही, आत बसवून दिला. मुलगी माझ्या मांडीवर होती. सारखे पाय झाडत होती, एवढेसे लालबुंद पाय. मी ते फडक्यात नीट गुंडाळले आणि तिला तिच्या आईजवळ ठेवलं.

तुझी,
सुनीती